पाचपर्यंत मेजर निवडा

(आंबिवली स्टेशनबाहेरचं, ऑनलाइन फॉर्म भरून देणारं दुकान. मागे रांग. फोन स्पीकरवर, पलीकडे सुमेधाचे पप्पा शिवराम, बसमध्ये ड्युटीवर.)

मयूर : ओटीपी परत गेलाय, सुमेधा. तिसऱ्यांदा. पाचला साइट बंद होणार. सांग पप्पांना पटकन.

सुमेधा : पप्पा, सहा आकडी मेसेज आलाय बघा. तेवढा वाचा ना!

शिवराम : वाचतो. आधी मला सांग, मेजर विषय कुठला टाकलास? ...ओ ताई, दारात नका उभ्या राहू, आत सरका... हां, बोल. माजिवड्याला अडकलीय आमची गाडी. अकाउंट्सच टाकलंस ना?

सुमेधा : वाचा ना आधी.

शिवराम : म्हणजे नाही टाकलंस.

मयूर : काका, इकॉनॉमिक्स टाकलंय तिने.

सुमेधा : मयूरदादा! तुला कोणी विचारलेलं?

मयूर : अगं, मागे पंधरा पोरं उभीयत. मला काय, सांगशील तर अकाउंट्स टाकतो.

शिवराम : सकाळी एवढं डोकं फोडून सांगितलं तुला. हिशोब येणारा माणूस उपाशी मरत नाही. वीस वर्षं उभ्याने कंडक्टरकी केली मी. आता तरी घरातलं कोणी खुर्चीत बसू दे.

सुमेधा : खुर्ची मलापण पाहिजे. पण मला जाणून घ्यायचंय, आत्याच्या गावची गाडी का बंद केली.

शिवराम : ते कुठून आलं मध्येच?

सुमेधा : मध्येच नाही. ती गाडी बंद झाली म्हणून आत्याच्या प्रीतीताईचं कॉलेज सुटलं. तोट्यात होती म्हणे. मग तिचं कॉलेज, गावाचा बाजार, हे हिशोबात कोण धरणार? अकाउंट्समध्ये कुठे आहे ते?

शिवराम : स्पीकर बंद कर.

सुमेधा : का?

शिवराम : बंद कर म्हणतो ना.

सुमेधा : केला. बोला.

शिवराम : गाडी रिकामी नसायची गं. तेव्हा त्या गाडीवर माझीच ड्युटी होती. पाड्यावरच्या बाया यायच्या, डोक्यावर पालेभाजीचे भारे. तिकीट काढलं असतं तर दिवसाची कमाई त्यातच गेली असती. मी म्हणायचो, बसा गं बायांनो.

सुमेधा : तिकीट न देता?

शिवराम : रोज. वीस-बावीस जणी. मशीनमध्ये तिकिटं सात. वर साहेबांना सातच दिसले, गाडी बंद केली.

सुमेधा : पप्पा...

शिवराम : करायला गेलो एक नि झालं भलतंच. प्रीतीच्या हातातलं पुस्तक मीच काढून घेतलं. तुझी आत्या अजून मला प्रेमाने वाढते, घास गिळवत नाही माझ्याने. म्हणून सांगतो, हिशोब शिक. कागदावर नाही, ते नसतंच.

मयूर : सुमेधा, चार मिनिटं राहिली. काय ठरतंय तुमचं?

सुमेधा : थांब रे! पप्पा, त्या बाया आता बाजारात कशा जातात?

शिवराम : दोघी-तिघी टेम्पोने. बाकीच्या जातच नाहीत.

सुमेधा : मग तुम्ही तिकीट मागितलं असतं तर तेव्हाही आल्या नसत्या.

शिवराम : नसत्याच आल्या. कुठून देणार होत्या?

सुमेधा : म्हणजे मशीनमध्ये तरीपण सातच. गाडी बंद झालीच असती.

शिवराम : चार वर्षं झाली. असं कधी डोक्यातच आलं नाही माझ्या.

सुमेधा : राग आलाय मला तुमचा. चार वर्षं प्रीतीताईला वाटतंय, गाडीचं निमित्त करून तिच्या पप्पांनीच तिला मुद्दाम घरी बसवलं. आणि तुम्ही गप्प!

मयूर : सुमेधा, यार!

शिवराम : लिहून घे. चार, शून्य, सात. दोन, नऊ, एक.

सुमेधा : इकॉनॉमिक्सच आहे हां, पप्पा.

शिवराम : माहितीय. टाक.

मयूर : फिरतंय... फिरतंय... झालं! चल, पुढचा ये रे.

सुमेधा : रविवारी आत्याकडे जाऊ. प्रीतीताईलापण बोलवून घेते.

शिवराम : माझ्या तोंडून नाही निघायचं गं ते. तू सांग.

सुमेधा : सांगायचं तुम्हीच. मी शेजारी बसेन.