आण्णांच्या फोटोची लिंक

मेलेल्या माणसाला कधी घाबरलाय का? मी घाबरलोय. शिरोलीतल्या एका फौंड्रीची, म्हणजे धातूच्या ओतकाम कारखान्याची, वेबसाइट मी सांभाळतो. मालक बापूंचा फोन आला, "अरं, साइट सुरक्षित न्हाय म्हणतंय. परदेशी गिऱ्हाईक आज बघणार हाय. लगीच बघ." मी लगेच लॅपटॉप उघडला.

शोधलं, तर एकच फोटो जुन्या, असुरक्षित लिंकवरून येत होता. त्यांच्या वारलेल्या वडिलांचा, आण्णांचा. साइट सुरक्षित करताना बापूंनीच बजावलेलं, आण्णांच्या फोटोला हात लावायचा न्हाय. म्हणून तेवढी लिंक तशीच राहिलेली.

"बापू, आता लावावा लागतोय."

मग त्यांनी व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल भिंतीवरच्या आण्णांसमोर धरला.

"माझं धाडस न्हाय. तूच इचार त्येस्नी."