आवाज केला की जनावर पळतं

ड्रायव्हरच्या पाठीमागच्या सीटवर दोन म्हातारे भाऊ आणि दोघांच्या मधोमध थोरल्याची बायको; मागे सहलीचे बाकीचे प्रवासी. सकाळपासून देवळं बघताना ड्रायव्हरच्या कानावर एकच सूर पडत होता.

“वहिनी, त्यांना सांगा, मघाचं देऊळ आठशे वर्षांचं आहे.”

“त्याला म्हणावं, पाटी मलाही वाचता येते.”

“वहिनी, पाण्याची बाटली त्यांच्याकडे आहे.”

“त्याला म्हणावं, संपली.”

“अहो, मी काय टेलिफोन आहे? सासूबाई गेल्यापासून तुमचा हा अबोला! पोरांनी मुद्दाम एका गाडीत बसवलं, तरी तोंडं दोन दिशांना. देवालासुद्धा माझ्यामार्फतच सांगाल काय ते!”

“त्याला म्हणावं, आधी त्यानंच बोलायला हवं.”

“वहिनी, मोठं कोण आहे ते विचारा त्यांना.”

अभयारण्याचं फाटक आलं. ड्रायव्हरनं गाडी अगदी हळू केली.

“मंडळी, आता कुणी एक अक्षर बोलायचं नाही. आवाज केला की जनावर पळतं.”

“वहिनी, त्यांना सांगा...”

“श्श!”

धाकट्यानं फोटोसाठी हात खिडकीबाहेर काढला.

“बाळ्या! हात आत घे! बिबट्या!”

“कुठं रे दादा?”

“अरे, तुझ्याच बाजूला, चाकापाशी! शुंभासारखा वर काय बघतोस?”

“दिसला, दादा, दिसला! केवढा आहे!”

“काका, हळू!” ड्रायव्हर म्हणाला. “गेला ना पळून! बाकीच्यांना शेपूटसुद्धा दिसलं नाही. सांगितलं होतं ना, बोलू नका म्हणून?”

“जाऊ द्या हो बिबट्या,” बाई ड्रायव्हरला म्हणाल्या. “यांना बोलू द्या.”