चहाचा नंबर

दुपारचे साडेतीन वाजले होते. जालन्यातल्या एका सरकारी कचेरीत अपिलाची सुनावणी होती आणि मी बातमीसाठी मागं बसलो होतो.

नर्स अंजनाबाईंची तक्रार एवढीच, की दवाखान्यात सगळ्या जणी आळीपाळीनं चहा करतात, पण त्या बौद्ध म्हणून त्यांचा नंबर कधीच लावत नाहीत. चौकशीवाल्यांनी ती फेटाळली. कारण ऐकून माझं डोकंच सणकलं: भेदभाव नाही, उलट बाईंना कामातून सूट मिळाली!

अपिलाचे साहेबही म्हणाले, "चहा करावा लागत नाही, हे बरंच की बाई."

"मला सूट नको, साहेब. माझ्या हातचा चहा पिऊन दाखवा म्हणावं या सगळ्यांना."

तेवढ्यात दवाखान्याच्या बाजूनं साक्षीला आणलेल्या नर्स लताबाई उठल्या. "मी आत्ताच पेले, साहेब. बाहेर बाकावर, तिच्या थर्मासातला."

अंजनाबाई गर्रकन वळल्या. हळूच विचारलं, "साखर बराबर होती का गं?"

"बिलकुल बराबर."

साहेब हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "यांचा नंबर लावू नका, असं सांगितलं कोणी?"

लताबाई खाली बसल्या, दवाखान्याची बाकीची माणसं कागद चाळू लागली.

अपील मंजूर झालं. साहेबांच्या त्या प्रश्नाला मात्र अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.