जमनाबाईनं दिलेल्या बांगड्या

माहं नाव गुलाब, गाव सोनाळा, तालुका संग्रामपूर. आमच्या वावरात उभं राह्यलं की उत्तरेले नुसता सातपुडा दिसते, अन् त्या डोंगराच्या पल्याड नर्मदामाय वाहते असं आमची आजी सांगे. आमी भाजीपाल्याची मानसं. वांगी, मिरची, संभार, तुमी पुन्याकडं कोथिंबीर म्हनता थो, सकाळी तोडाचा अन् बाजाराच्या गावाले नेऊन बसाचं, बाप तेच करे, मीबी जनमभर तेच केलं, त्याच्यात सांगन्यासारखं काही नाही. सांगाचं हाये ते एका बाईचं. तिचं नाव आधीच सांगून टाकतो भाऊ, कारन मांगं एकडाव सांगाची वेळ आली होती अन् मी सांगतलं नाही. जमनाबाई. लिहून घेतलं? हं.

पन पह्यले आमचं साटंलोटं समजून घ्या, नाहीतर पुढचं आयकून तुमी मले मूर्खच म्हनसान. माही बहीन वच्छला पंजाबले देली अन् पंजाबची बहीन कमल मले केली, एकाच मांडवात. म्हंजे पंजाब माहा साळाबी अन् बहिनीचा नवराबी. हुंड्याची कटकट नाही, दोन्ही घरं खुश. पन साटंलोटं म्हंजे तराजू असते. माह्या घरी कमलले कोनी टाकून बोललं की तिकडं वच्छलेच्या ताटात त्या दिवशी भाजी कमी पडे. कमल रुसून माहेरी गेली की वच्छलेचं बोचकं बांधून तिले इकडं पाठवाचं, असा रिवाजच. मी अन् पंजाब हासो, म्हनो, आपल्या बायका एकमेकीच्या जामीन हायेत. हासन्यावारी नेलं तवा.

नर्मदामायच्या परकम्मेची टूम पंजाबचीच. आमी चाळिशीतले, लेकरं हाताशी आलेली, वावर माह्या लहान्या भावाच्या हवाली केलं अन् निघालो. ओंकारेश्वराहून सुरू कराचं, मायले उजव्या हाताशी ठेवून चालत समुद्रापावतर जाचं, तिकडून दुसर्‍या काठानं वर अमरकंटकाले वळसा घालून परत ओंकारेश्वर. पायीच. कोनी देईन ते खाचं, जागा भेटन तिथं झोपाचं. अन् सार्‍यात मोठा नेम म्हंजे मायचं पात्र ओलांडाचं नाही. समुद्राच्या तोंडाशी तेवढी नाव चालते, बाकी कुठी नावेत पाय ठेवला की परकम्मा मोडली.

काय सांगू तुमाले, मानूस काय असते ते मले तिथं समजलं. एका म्हातार्‍यानं माही तुटकी चप्पल पाह्यली, आपल्या पायातली काढून देली अन् तसाच अनवानी वावरात निंगून गेला, मी हाका मारतो त थो वळून पाहेना. एक चहावाला आमच्यामांगं केटली घेऊन धावत आला, बाबाजी, बिना चाय पिए निकल गए, म्हने. पंजाब म्हने, गुलाब, आपल्या बाजारात कोनी मिरचीचं देठ फुकट देत नाही बे, अन् इथं लोक आपल्याले खाऊ घालाले धावून राह्यले. बोलका मानूस, त्याच्यासंग वाट कटे. हे खरं ते सांगतलं पाह्यजे.

बडवानीच्या अलीकडं मले ताप आला. साधा नाही, मुदतीचा. पाय उचलेना तवा पंजाबनं गावाच्या कडंच्या एका घराची कडी वाजवली. ते जमनाबाईचं घर. नवरा गुजरातेत मजुरीले, घरात जमनाबाई, तिची सासू अन् एक लहान पोरगी. आमी कोन, कुठचे, काही इचारलं नाही, आधी बाज टाकली. दवाखाना होता पल्याडच्या काठावर. जमनाबाई म्हने, बाबाजी जिद मत करो, नाव में बैठ जाओ. पंजाबबी म्हने, ओलांड बे, कोन पाहून राह्यलं? मी म्हनलं, माय पाहून राह्यली. जमनाबाई रागावली, म्हने, मैया को तुम्हारी लाश नहीं चाहिए बाबाजी. पन मी नाही आयकलं. आता वाटते, त्या हट्टापायी मी तिच्या घरी इतके दिवस पडून राह्यलो अन् पुढचं सारं त्याच्यातून झालं. नेम माहा, अन् भोगला तिनं.

एका सकाळी डोळे उघडले त खुटीवर पंजाबची झोळी नाही. मी इचारलं. जमनाबाई चुलीकडं तोंड करून म्हने, दवाई लाने गए हैं, आएँगे. थो आला नाही. कुत्रं भुकलं की मी दाराकडं पाहो. दवाई आनली जमनाबाईनंच, मी ओलांडत नाही म्हून ते ओलांडून गेली, लेकीले सासूजवळ ठेवून. पेज पाजली, ताक पाजलं, माहं मळलेलं पांघरून घाटावर नेऊन धुतलं. अन् सासू, थे म्हातारी, दारात उंबर्‍यावर आडवी झोपे. घरात परका मानूस हाये, उद्या सुनेवर कोनी बोट दाखवू नये म्हून. पाह्यलं? ज्याईनं इतकं जपलं, त्याईच्यावर बोट दाखवनारं माह्याच घरचं निंघालं.

बरा झालो, निघालो. जमनाबाईनं एका फडक्यात लाखेच्या बांगड्या बांधून देल्या. म्हने, भाभी को देना, बोलना ननद ने भेजी है. मी परकम्मेतला म्हून माह्या पाया पडली. मी तिच्या पडाले पाह्यजे होतो. मंग मी एकट्यानं फेरा पुरा केला, लोकाईच्या भाकरीवर.

घरी आलो त दाराले कुलूप. लहाना भाऊ खाली मान घालून म्हने, वहिनी माहेरी गेली. काऊन? त म्हने, पंजाबभाऊनं सांगतलं का गुलाब तिकडं एका बाईच्या घरी राह्यला, त्यानं तिथं संसार मांडला, मी एकटा कशाले हिंडू म्हून वापस आलो. आयका भाऊ. मरत्या मानसाले टाकून आलो हे कसं सांगन? मंग हे सांगतलं. अन् दोन शब्द खरे होते, बाई अन् घर, त्याच्यामुळं खोटं चाललं.

सासर्‍याच्या आंगनात बैठक बसली. त्याच्या आधी हिरीवर वच्छला आली, कडेवर घागर. म्हने, दादा, मले समदं समजते, माहा नवरा कसा हाये तेबी समजते, पन माहं बोचकं त्याईनं बांधून ठेवलं हाये. तू फक्त मान हालव. मी म्हनलं, अन् त्या बाईचं काय? वच्छला म्हने, ते लय दूर हाये दादा, मी इथं हावो.

बैठकीत सासरा म्हने, गुलाब, चूक झाली म्हन, कमल आज तुह्यासंग येते. मी बांगड्याचं फडकं काढलं, म्हनलं, हे त्या बाईनं कमलसाठी... पुरं बोलूच देलं नाही. सारे हासले. पंजाब म्हने, घ्या, सवतीनं आहेर धाडला. मी पंजाबकडं पाह्यलं, त्यानं नजर हालवली नाही, उलटा मिशीत हासला. दाराआड कमल रडत होती. अन् मी मान हालवली. जिनं मले मरनातून काढलं तिच्यावर शेन टाकाले मी होकार देला. सासरा म्हने, ते फडकं हिरीत टाक. टाकलं.

तवापासून लग्न असो का बारसं, पंजाब जेवनाच्या पंगतीत म्हने, आमच्या गुलाबले वाढा, त्याचे दोन ठिकानी संसार. लोक हासत, मीबी हासो. सवय झाली म्हना. कमलनं संसार केला, चांगला केला, पन मी बाजारातून उशिरा आलो की ते माह्याकडं न पाहता ताट वाढे.

औंदा वच्छला गेली. तिच्या तेरवीले पंगत बसली, पंजाबनं तेच काढलं, माह्या नातीसमोर. सोताची बायको जाऊन तेरा दिवस झाले, तरीबी. मी उभा राह्यलो, म्हनलं, पंजाब, आता माह्या बहिनीचं बोचकं तुले बांधता येत नाही. अन् सारं सांगतलं, मुदतीचा ताप, उंबर्‍यावरची म्हातारी, सारं. पंगत भाताचा घास हातात घेऊन आयकत राह्यली. मले वाटलं थो भांडन. थो म्हने, तू मरून राह्यला होता बे, मरनार्‍याजवळ बसाची माही छाती नोती. मी म्हनलं, हे तवाच सांगतलं असतं त मी माफ केलं असतं. थो म्हने, तुले काय, तू माफ केलं असतं, लोकाईनं केलं असतं का? अन् पत्रावळीवर पानी सोडून उठला. अजून बोलत नाही. नको बोलू दे.

घरी आल्यावर कमलनं एकच इचारलं, मंग त्या बांगड्या माह्यासाठी होत्या? म्हनलं, हाव. तुमी हिरीत टाकल्या? हाव. तवापासून ते भावाच्या घरी गेली नाही.

जमनाबाईचं गाव धरनाच्या पान्यात गेलं म्हनतात. जाऊन पाया पडावं म्हनलं त आता जागाच नाही. कुठी असन तिथं सुखी राहो, तिची पोरगी सुखी राहो. तुमच्या पुस्तकात तिचं नाव तेवढं बरोबर ठेवा.

काल मेथी निवडता निवडता कमलनं इचारलं, कोनत्या रंगाच्या होत्या हो? म्हनलं, लाल, मधात पिवळी रेघ. मले झाल्या असत्या का? मी तिचा हात हातात घेऊन पाह्यला. गाठी आल्या बोटाले, मनगट नुसतं हाड. म्हनलं, तवा झाल्या असत्या.