रिकाम्या खुर्चीतली ताई

ताई: हात वर कर. काखेत ओढतंय का?

धाकटी: थोडंसं. ताई, आल्यापासून धड बोलली नाहीस माझ्याशी.

ताई: तोंडात टाचण्या धरल्यात.

धाकटी: परवा फोनवरही टाचण्याच होत्या?

ताई: माझं काय अडलंय? तुझ्या त्या समुपदेशक मॅडम आहेत ना. दर गुरुवारी त्यांना तासभर देतेस. माझ्या दुकानात दवाखान्याचा कोट शिवून घ्यायला येतेस, तेवढीच.

धाकटी: अगं, सवत असल्यासारखी काय बोलतेस!

ताई: त्यापेक्षा आधीचे डॉक्टर बरे. मनात काय आलं, ते खरं कशावरून, सगळं वहीत लिहायला लावायचे. वही निदान घरात तरी असायची.

धाकटी: म्हणजे तू वाचलीस?

ताई: दोनच पानं. अक्षर सुधारलंय तुझं.

धाकटी: कमाल आहे तुझी! त्या वहीनं माझी धास्ती गेली, झोप लागायला लागली. पण घरी आमच्या ह्यांनी जरा आवाज चढवला की अजून माझी वाचा बसते. म्हणून या मॅडम.

ताई: मग? तिथे फुटते वाटतं वाचा?

धाकटी: काल त्यांनी समोर रिकामी खुर्ची ठेवली. म्हणाल्या, ज्या माणसाशी बोलायचं राहून गेलंय, ते इथे बसलंय असं समज.

ताई: आईला बसवलं असशील.

धाकटी: तुला बसवलं.

(ताईच्या हातातून टेप गळून पडते.)

ताई: मी जिवंत आहे! दोन गल्ल्या सोडून राहते. आणि तू खुर्चीशी बोललीस?

धाकटी: तुझ्यासमोर जीभ रेटत नाही गं.

ताई: काय बोललीस?

धाकटी: म्हटलं, तू मला लहानाची मोठी केलीस, पण रडू दिलं नाहीस. आई गेली, मी सात वर्षांची. दुसऱ्या दिवशी तू म्हणालीस, डोळे पूस, शाळेला उशीर होतोय.

ताई: आणि मी एकोणीस वर्षांची होते! तू रडली असतीस ना, तर मला आवरणारं घरात कुणी नव्हतं.

धाकटी: हे कधी बोलली नाहीस.

ताई: कुणाला बोलू? जळते मी त्या बाईवर. तुझ्यावर त्याहून जास्त. तुला समोर बसवून कुणीतरी विचारलं तरी.

धाकटी: मी विचारते. त्या दिवशी तुझं काय झालं होतं, ताई?

ताई: आता? इथे?

धाकटी: हो.

ताई: मग आधी दाराला कडी घाल. गिऱ्हाईक येईल.