फडक्याआडून सलामी

मी लाडक्या. गाव दाभोसा, नदीच्या वरच्या अंगाला आमचा पाडा, जातीनं वारली. माझा बाहास तारप्या व्हता, बाहास म्हंजे बाप, गुरुजी, तुमी बाबा म्हनता तो. नवं भात झालं का अख्खा पाडा त्याच्या मागं नाचायचा, नि तो मधी उभा ऱ्हाऊन तारपा फुंकायचा, दुधी भोपळ्याचा तारपा, हाताहून लांब. तारप्याचा दम तुटत नाय, हे पयलं ध्यानात घ्या. नाकानं घ्यायचा, गालात साठवायचा नि तोंडानं सोडत ऱ्हायचं. मला त्यानं लहानपनी पान्याच्या मडक्यात बोरूची नळी घालून बसवलं, बुडबुडे थांबले का पाठीत धपाटा. असा मी दम शिकलो. आनि दुसरी गोष्ट ध्यानात घ्या, ती म्होरं लागेल. भात पिकल्याबिगर तारप्याला हात लावायचा नाय. पावसाळाभर तो चुलीवरच्या धुरात आढ्याला टांगलेला. अवेळी वाजवला तर कनसरी रुसते. कनसरी म्हंजे आमची धान्याची देवी, ती भातात येता येता माघारी फिरते. बाहास म्हनायचा, एक वेळ मला हाक मारू नको चालेल, पन तिला अवेळी हाक मारू नको.

तवा जव्हारला राजाचं राज्य व्हतं. दसऱ्याला मिरवनूक निघायची, तिथं आमच्या पाड्याचा तारपा जायचा. मी तवा मिसरूड फुटलेला, बाहास दमला तवा मी हातात घेतला नि वाजवत ऱ्हायलो. राजाचा बँडमास्तर व्हता गोव्याचा किरिस्ताव, काळा कोट, जाडजूड मानूस, पेद्रू मास्तर त्याला म्हनायचे. तो माझ्याजवळ येऊन गालाला बोट लावून बघाय लागला. इचारलं, दम कुठून घेतोस रे? मी म्हनालो, नाकानं. तो हसला नि दुसऱ्या दिवशी मला बोलावून हातात कारनेट दिलं. पितळेचं, वळलेलं, वर तीन खुंट्या, नि तोंडाला लावायची एक सुटी वाटी, तिला आमी वाटीच म्हनायचो. मी तारप्यासारखं फुंकलं, काय पन वाजलं नाय. मास्तर म्हनाला, हितं नुसता दम चालत नाय लाडक्या, ओठ थरथरायला पायजे, ओठ वाजतो, पितळ नुसतं त्याला मोठं करतं. महिना गेला माझा ओठ वाजायला. पन वाजला तवा, काय सांगू तुमाला, अंगावर काटा आला.

तांबडा कोट मिळाला, बूट मिळाले. पाय जाम चावायचे ते, पन मी काढले नाय. जव्हारच्या ज्या पेठेत माझा बाहास डोक्यावर गवताचा भारा घेऊन कडंकडंनं चालायचा, त्या पेठेच्या मधोमध मी चाललो, नि लोक बाजूला झाले. तुमी म्हनाल हे काय मोठं. तुमच्यासाठी नसंल, माझ्यासाठी व्हतं.

माझ्याबरोबर चैत्या व्हता, आमच्याच पाड्यातला, माझ्या मावशीचा पोर. तो मोठा भोंगा वाजवायचा, अंगाला गुंडाळून घ्यायचा तो. चैत्या तसा लुकडा, भोंगा घेतला का भोंगाच चालत येतोय असं वाटायचं. लोक हसायचे, पन एकदा आवाज निघाला का गप.

मंग राज्य गेलं. कसं गेलं ते मला नका इचारू, तुमी शिकलेले, तुमास्नी ठाव. आमाला येवढंच कळलं का राजाचा झेंडा उतरला नि तिरंगा चढला, नि तो चढताना आमीच वाजवलं. पेद्रू मास्तर गोव्याला गेला, बाकीचे कोन कुठं गेले. आमी पाच जन उरलो. मामलेदार आला नवा, त्यानं पितळ सगळं कचेरीच्या व्हरांड्यात मांडून घेतलं, नि म्हनाला, हे आता सरकारचं. पन मानूस वाईट नव्हता, म्हनाला, हितं ठेवून कोन वाजवनार, तुमच्याजवळच असू द्या, लग्नात मिरवनुकीत वाजवा, पोट भरा. पन वरसातनं दोन डाव झेंड्याला सलामी द्यायची. ज्या झेंड्याला सलामी चुकली, त्या दिवशी पितळ कचेरीत जमा. कबूल? आमी म्हनालो, कबूल. न म्हनून काय करनार.

मंग गुरुजी, ती वरसं बरी गेली. जव्हार, मोखाडा, खोडाळ्याच्या बाजारपेठेतली लग्नं, सगळीकडं आमी. पाड्यातली पोरं ठेकेदाराच्या कुपावर जायची, झाडं तोडायला, चार महिने रानात, तिथं ताप, साप, मुकादमाच्या शिव्या. मी नि चैत्या कवा गेलो नाय. पितळ व्हतं म्हनून. येवढंच सांगतो, पितळ गेलं का कूप, हे आमाला पयल्या दिवसापासून ठाव व्हतं. पंद्रा आगस्टला नि सव्वीस जानेवारीला मी ताप असला तरी जायचो.

आनि मंग तापच आला, अख्ख्या मुलखाला. फ्लू म्हनायचे. कोन म्हनं चीनकडून आला, कोन म्हनं बोटीतून मुंबईला उतरला. आमच्या पाड्यात घरटी मानसं आडवी. भगत उतारे टाकून टाकून सोता पडला. खोडाळ्याचा बाजार भरेना, शाळा बंद, तुमी पन तवा घरीच बसला असाल. जव्हारच्या दवाखान्यात नवा डाक्तर व्हता, जीव तोडून काम करायचा, मी त्याला नाव ठेवनार नाय. त्यानं दवंडी दिली, चार मानसं जमतील तिथं तोंडाला फडकं बांधल्याबिगर कोनी यायचं नाय. पांढरं मलमल वाटलं, चार पदरी. बायकांना बरं, त्यांचा पदर व्हता. आमी सगळे चोर दिसाय लागलो.

आगस्ट आला. मामलेदारानं बोलावलं, म्हनाला, या साली ठान्याचे मोठे साहेब येनार झेंड्याला, सलामी झाली पायजे. मी म्हनालो, हुईल साहेब. डाक्तर बाजूला बसला व्हता, तो म्हनाला, फडकं बांधून. मी हसलो, मला वाटलं गंमत करतो. मी म्हनालो, डाक्तरसाहेब, तोंडानं वाजवतो आमी. तो म्हनाला, म्हनूनच, तुमी तर सगळ्यांच्या अंगावर फुंकनार. खोटं नव्हतं ते. मी म्हनालो, मंग मधी भोक पाडू? तो म्हनाला, भोक पाडलं तर फडकं कशाला. मी मामलेदाराकडं बघितलं, मामलेदार डाक्तराकडं, डाक्तर खिडकीबाहेर. मी म्हनालो, या डाव सलामी माफ करा. मामलेदार म्हनाला, माफ करतो, पितळ ठेवून जा. झालं बोलनं.

आमी घरी येऊन फडकं बांधून फुंकून बघितलं. फडक्यावरनं वाटी लावली तर ओठ दाबला जातो, थरथरत नाय, नुसतं फुस्स. चैत्यानं डोकं चालवलं. म्हनाला, लाडक्या, वाटी सुटी हाय ना, ती आत घाल फडक्याच्या, ओठाला लाव, नि कारनेट भाईरनं तिच्यात बसव, फडकं मधी. केलं तसं. वाटी आत, पितळ भाईर, मधी मलमल चिमटलेलं. फुंकलं, नि वाजलं! गोधडीखाली वासरू हंबरावं तसं, पन वाजलं. माझी बायको दारात व्हती, ती म्हनाली, आज्याचं भूत बोलतंय. आमी इतकं हसलो, ते तापाचे दिवस असून हसलो. रोज तालीम केली. मला वाटलं, सुटलो.

पन आमी तालीम घरात केली, गुरुजी. कोरड्यात. आगस्टात जव्हारला कोरडं काय असतं? हे आमास्नी कळू नये! जलम गेला या पावसात, नि आमी पाचही जन तेच इसरलो.

कचेरीम्होरं मांडव नव्हता. भुरभूर चालूच. आमी उभे, वाट्या ओठाला धरून, फडकं बांधून. साहेब यायला उशीर झाला, गाडी घाटात अडकली म्हने. साहेबासाठी व्हरांड्याची भिंत सजवली व्हती, तिथं तीरकमठा, सूप, मोरपिसं, नि एक तारपा. कोनाच्या तरी आढ्यावरनं शिपायानं काढून आनलेला. मी बघितला नि नजर फिरवली.

साहेब आला. दोरी वढली. मी दम घेतला नि फुंकला, नि गुरुजी, दम म्होरं गेलाच नाय. ओलं मलमल चामड्यासारखं झालं व्हतं. माझाच दम माझ्या तोंडावर माघारी आला. चैत्याचे डोळे भाईर आले फुंकून फुंकून, भोंग्यातनं आवाज नाय. दम घ्यायला गेलो तर फडकं नाकाला चिकटतं. झेंडा वर जातोय, वर जातोय, नि खाली नुसता पाऊस वाजतोय. सगळे आमच्याकडं बघतायत, नुसते डोळेच, फडक्यावरचे. मामलेदाराचे पन डोळे. त्यात मी कूप बघितला, रान बघितलं, चैत्याला कुऱ्हाड घेऊन बघितलं.

मंग पाय कसे गेले ते मला सांगता येनार नाय. मी व्हरांड्यात चढलो, कारनेट खाली ठेवलं, फडकं पिळलं, वाटी त्याच्याच टोकात गुंडाळून परत बांधलं नि भिंतीवरचा तारपा काढला. तारप्याला ओठ नाय लागत, नुसता दम लागतो, आत बोरूच्या जिभा असतात त्या वाजतात. फडक्यातनं जाईल तेवढा दम बास. भात अजून पोटरीला नव्हतं आलं, म्हंजे लोंबी अजून पोटात पन धरली नव्हती. मला ठाव व्हतं. मी फुंकला. नव्या भाताची चाल, मला दुसरी येतच नाय त्याच्यावर. मोठा, भरलेला आवाज निघाला, झेंडा वर पोचेपर्यंत मी दम तुटू दिला नाय. गर्दीत आमची मानसं व्हती, त्यांनी माना खाली घातल्या. एक म्हातारी उठली, डोक्यावरचं इरलं सारखं केलं नि निघून गेली. ती आमच्याच पाड्याची, चैत्याची आजी, त्याच्या बापाची आई.

साहेब मातर खूष. फडकं खाली करून हसला, डाक्तर बघत असताना. जवळ आला, तारप्यावरनं हात फिरवला, म्हनाला, वा, हे खरं तुमचं! मंग मामलेदाराकडं वळून म्हनाला, यांचं येवढं चांगलं असताना ती राजाच्या वेळची इंग्रजी भोंगेबाजी कशाला जपताय? मामलेदार लगेच म्हनाला, तेच म्हनतो साहेब.

दुपारी आमी अजून पेठेतच व्हतो, शिपाई आला पितळ न्यायला. मी पळत कचेरीत गेलो. मी म्हनालो, साहेब, बोली सलामीची व्हती, सलामी मी दिली. मामलेदार म्हनाला, पितळानं दिलीस का? मी म्हनालो, फडकं तुमीच बांधाय लावलं. तो म्हनाला, ते डाक्तरानं. मी म्हनालो, मंग माझं चुकलं कुठं, तेवढं सांगा. तो म्हनाला, अरे लाडक्या, तुझं काय चुकलंच नाय, साहेबांनी तुझं कवतिक केलंय, अजून काय पायजे तुला? आता बोला. मानूस मारतो तर मार चुकवता येतो, कवतिक कसं चुकवनार.

त्या साली आमच्या पाड्यात भात आलं, जसं दर साली येतं तसं, कुठं बरं, कुठं पोचट. पन ज्याचं पोचट आलं त्यानं माझं नाव घेतलं. नवं भात झालं, नाच भरला, नि तारपा दुसऱ्याच्या हातात दिला. मी इचारलं, मला का नाय? कोनी भांडलं नाय. चैत्याच्या आजीनं येवढंच म्हटलं, तू तिला बोलावलंस ना एकदा, ती येऊन गेली. तवापासनं मी कडंला बसतो.

चैत्या कुपावर गेला. मी पन जातो, सुगी झाली का. दोन झेंड्यांना मातर मला शिपाई बोलवायला येतो. कोट नको म्हनतात, बूट नको, उघडा ये, डोक्याला मोरपीस लाव. भात पोटरीला असो नसो, मी तारपा वाजवतो, साहेब लोक टाळ्या पिटतात. जिथं वाजवायचा तिथं वाजवू देत नाय नि जिथं वाजवू नये तिथं सोडत नाय. मी दोन्हीकडं हो म्हनतो.

पितळ कचेरीतल्या मागच्या खोलीत हाय. खिडकीतनं दिसतं. चैत्याच्या भोंग्यात कारकून पावसाळ्यात छत्र्या उभ्या करतात. माझं कारनेट दप्तरांच्या गठ्ठ्यांखाली हाय, हिरवं पडलंय. मी नव्या मामलेदाराला म्हनालो, नका देऊ, पन वरसातनं एकदा तेल तरी घालू द्या, खुंट्या अडकतात. तो म्हनाला, बघू. आता परत राज्य बदलनार म्हनतात, गुजरात वेगळा नि आपन वेगळे. बदलू द्या. नवीन साहेब येईल, त्याला पन इचारीन, तो पन म्हनेल, बघू.

ही बघा वाटी. त्या दिवशी शिपायानं कारनेट नेलं तवा ही फडक्यातच गुंडाळलेली ऱ्हायली, माझ्या गळ्यात. तवापासनं कोनी मागितली नाय. कवा कवा कुपावर जेवन झाल्यावर काढतो, ओठाला लावतो. ओठ अजून वाजतो. पन मोठं करायला पितळ नाय, माशी भुनभुनावी येवढाच आवाज निघतो. चैत्या ऐकतो नि कुऱ्हाडीला धार लावत बसतो. घरी काढली तर बायको म्हनते, ठेव ती, पोरं हसतात.

बरं, तुमी लिवलंत, बरं केलंत. कनसरी तुमच्या कनगीत राहो, गुरुजी. तुमच्या लेकरांचा दम लांब राहो, नि तो फुंकायला त्यांच्या हातात काय तरी राहो.