हिलाल मिस्त्रीची टोपी

...अहो नाही, हात जोडतो, माझं कौतुक करू नका! तुम्हाला सांगतो, ही टोपी माझी नाही. मी हिलाल, जळगावात रिक्षा चालवणारा माणूस, मोटारीतलं मला ओ का ठो कळत नाही. आणि परवापासून जो तो विचारतोय, काय मिस्त्री, सत्कार झाला म्हणे? मिस्त्री! कोण मिस्त्री?

मिस्त्री ती, माझी चुलत बहीण कुंदा. एकोणीस वर्षांची पोर. तिचे वडील, म्हणजे माझे जीवरामकाका, त्यांचं मोटारी भरायचं दुकान. त्यांचा उजवा हात लुळा पडला तेव्हापासून शेतकऱ्यांच्या विहिरींवरच्या जळलेल्या मोटारी तीच भरते, तांब्याची तार न् तार स्वतः गुंडाळते, पण पडद्यामागे बसून... गिऱ्हाइकाला वाटतं काकाच भरतात. परवा काका म्हणाले, ‘पोरी, विहिरीत उतरून मोटार बसवायचं काम कोण करणार? यावलकडच्या कौतिकनानांची मोटार चालू झाली तर दुकान ठेवतो, नाही तर विकून टाकतो.’ तिचा सगळा जीव त्या दुकानात हो!

मग काय, रिक्षात नानांची मोटार घातली आणि आम्ही दोघं गेलो. तिथं केळी उन्हानं करपलेल्या, अर्धं गाव विहिरीवर, आणि नाना काय म्हणतात? ‘इहिरीत बाईमानूस उतरलं का पानी आटतं. हिलालभो, तू उतर, पोरगी वरून सांगंन.’ मी?! चार पायऱ्या उतरलो, खाली पाहिलं, आणि पायरीलाच मिठी मारली... दोघांनी ओढून वर काढलं मला! तोवर कुंदा ओढणी खोचून खाली. कोणाला विचारलंच नाही तिनं. वर ऐकू येतोय बोल्ट आवळल्याचा आवाज. मग खालून हाक, ‘दाबा बटण!’ आणि हौदात असं पाणी कोसळलं, असं कोसळलं, की नानांचे डोळे भरून आले. खोटं कशाला सांगू, माझेही.

आता रीत अशी, की मोटार चालू झाली की मिस्त्रीला टॉवेल-टोपी. नानांची आई झुंबरआजी ताट घेऊन आली, कुंदासमोर थांबली. कुंदानं चिखलाचे हात मागे घेतले, मान वाकवली... आणि आजी म्हणते, ‘व माय, पोरीच्या डोक्यावर टोपी कशी घालू?’ वळली, आणि घातली माझ्या डोक्यावर! मी ओरडतोय, आजी, ही टोपी माझी नाही! तर नाना म्हणतात, ‘असू दे भो, रीत हाये.’ टाळ्या! आणि कुंदाची मान वाकलेलीच राहिली हो. फार वाईट वाटलं मला.

येताना फाट्यावर आल्यावर कुंदा म्हणाली, ‘दादा, दे बरं ती.’ रिक्षाच्या आरशात बघून घातली. काय सांगू, अगदी मापाची! मला कानांवर आवळते ती. उगाच नाही म्हणत, ही टोपी माझी नाही.

दुकान? राहिलं की! काल नानांच्या शेजारच्या गावाहून सांगावासुद्धा आला: हिलाल मिस्त्रीला पाठवा. म्हटलं, मी नाही येत, मला लाज वाटते. तर कुंदानं पान्ह्यांची पेटी रिक्षात ठेवली, खुंटीवरची टोपी काढली, माझ्या डोक्यावर दाबून बसवली आणि म्हणाली, ‘चल दादा. तुझ्याशिवाय मला विहिरीवर कोण जाऊ देईल?’